नागपुरात मोठी वॉरगेमिंग मिनिएचर: जमवणं, जोडणं आणि मैदानात उतरवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वॉरगेमिंग म्हणजे छोट्या मॉडेलांच्या (मिनिएचरच्या) फौजा टेबलावर मांडून फाशांनी खेळायची लढाई. कुणाच्या घरी रविवारी असा खेळ जमला की नव्या मुलांचे तेच प्रश्न येतात, आणि मे महिना उजाडला की तेच अपघात होतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: मोठं मॉडेल टेबलावर खेळण्यासाठी बांधा, आणि घरून टेबलापर्यंत जाऊन धड परत येईल असं बांधा. रंग, बारकावे, सजावट हे सगळं त्याच्या मागून.

मोठं मॉडेल म्हणजे नेमकं किती मोठं?

२८ मिलिमीटर स्केलचा साधा सैनिक अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा असतो आणि २५ ते ३२ मिमीच्या गोल बेसवर उभा राहतो. ज्याचा बेस १०० मिमी किंवा त्याहून मोठा, किंवा जे एका पंजात नीट मावत नाही, त्याला आम्ही मोठं म्हणतो. वॉरहॅमर ४०,००० या भविष्यातल्या युद्धांच्या खेळातला इम्पीरियल नाइट, म्हणजे दोन पायांवर चालणारं लढाऊ यंत्र, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याचा बेस अंडाकृती, १७० मिमी लांब. हा प्लास्टिक किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, २०१४ मध्ये आला. बेनब्लेड हा अजस्र रणगाडा प्लास्टिकमध्ये त्याच्याही आधी, २००७ मध्ये आला होता. एज ऑफ सिग्मार या दुसऱ्या खेळातला मेगा-गार्गंट हा राक्षस २०२० चा. आणि सगळ्यांच्या वर साच्यात ओतलेल्या रेझिनचा वॉरलॉर्ड टायटन, नाइटहून कितीतरी मोठं यंत्र, अर्ध्या मीटरहून उंच. प्रत्येक मॉडेलला ताकदीप्रमाणे पॉइंट असतात आणि दोन्ही फौजांची बेरीज सारखी ठेवतात; नेहमीच्या २००० पॉइंटच्या खेळात तो मावतच नाही.

ऐतिहासिक खेळात मोठं म्हणजे हत्ती आणि बैल जुंपलेल्या तोफा. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पहिलं मोठं मॉडेल कोणतं घ्यावं?

प्लास्टिकचं, आणि एकच. शक्यतो मधल्या आकाराचं घ्या. नाइटच्याच घराण्यातला छोटा आर्मिजर १०० मिमीच्या गोल बेसवर येतो. त्यावर पाय जुळवणं, चिलखताची पानं वेगळी रंगवणं, हात फिरते ठेवणं हे सगळं शिकता येतं आणि चुकलं तर जीव हळहळत नाही. मग मोठ्या नाइटला हात घाला.

बाहेरून मागवत असाल तर डॉलर-पौंडातली किंमत बघून हिशेब करू नका. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरून आकडा काढा आणि मगच ठरवा. मी एकदा तीन किट एकदम मागवले. पार्सल हातात आलं तेव्हा भरावी लागलेली रक्कम बघून वर्षभर रंग घेतला नाही, आणि तिसरा किट अजून स्प्रूवरच, म्हणजे सुटे भाग येतात त्या चौकटीतच, आहे. एक घ्या, पूर्ण करा, खेळा. दुसरं त्यानंतर.

ज्यांना टायटनचीच ओढ आहे त्यांनी ॲडेप्टस टायटॅनिकस हा खेळ बघावा. त्याची २०१८ ची आवृत्ती लहान स्केलची आहे. वॉरलॉर्ड तळहातावर मावतो आणि टायटन-टायटनची अख्खी लढाई जेवणाच्या टेबलावर होते. मला स्वतःला हा खेळ फार आवडतो.

प्लास्टिक, रेझिन आणि थ्रीडी प्रिंट यांत फरक काय?

किटमधलं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याला प्लास्टिक सिमेंट लागतं. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे सांधा मूळ भागाइतकाच मजबूत होतो. रेझिनवर हे सिमेंट काहीच करत नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं. दर दोन महिन्यांनी कुणीतरी रेझिनच्या पायाला प्लास्टिक सिमेंट लावून रात्रभर धरून बसतो, म्हणून हे ठळक सांगतो.

रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो. कोमट पाणी, भांड्यांचं साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सगळे भाग धुवा. थर राहिला तर रंग पापुद्रे होऊन निघतो. रेझिन घासताना पाणी लावूनच घासा आणि मास्क घाला. ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही.

प्रिंटमध्ये दोन जाती. तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरवर बहुधा पीएलए हे वेगळं प्लास्टिक वापरतात, आणि द्रव रेझिनच्या प्रिंटरचं काम जास्त बारीक येतं. रेझिनचं मोठं मॉडेल पोकळ छापतात. त्याला खाली निचऱ्याची भोकं हवीतच. आत न सुकलेलं रेझिन अडकून राहिलं तर काही महिन्यांनी मॉडेल आतून तडकतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकरच होतं. प्रिंट विकत घेताना उलटं करून भोकं बघा आणि वास घ्या. उग्र, चिकट वास येत असेल तर परत करा.

दुसऱ्याच्या किटचा साचा काढून बनवलेल्या नकला घेऊ नका. ज्याने ते शिल्प घडवलं त्याची ती मेहनत आहे.

भाऊ, गाडीत ठेवलं तर काही होते का?

होते. हाच प्रश्न नागपूरकराने सगळ्यात आधी विचारायला हवा.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. बाहेर ४५ असताना उन्हात काचा लावून उभी केलेली कार त्याच्या पलीकडे सहज जाते. मॉडेलचं रेझिनही अशा उष्णतेत मऊ होतं. किटचं पॉलिस्टायरीन मात्र १०० अंशांच्या आसपास टिकतं, म्हणून ज्याला कारनेच ये-जा करायची आहे त्याने किटच्या प्लास्टिकला प्राधान्य द्यावं.

माझा रेझिनचा एक टायटन पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फळीवर उभा होता. मे महिन्यात आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो. कूलर बंद, खिडकी बंद. परत आलो तेव्हा तो डाव्या घोट्यात वाकून भिंतीला टेकला होता. रंगाला एक चरा नव्हता. पण सगळ्या वजनाखाली घोटा हळूहळू बसत गेला होता. तेव्हापासून माझी मोठी रेझिन मॉडेलं एप्रिल ते जून आतल्या खोलीत, खालच्या फळीवर आणि शक्यतो सुटी करून आडवी असतात.

वाकलेला भाग सरळ करता येतो. चहाच्या पाण्यासारखं उकळतं पाणी नको. हात बुडवता येणार नाही इतपत गरम, साठ-सत्तर अंशांचं पाणी घ्या. चिमट्याने भाग मिनिटभर धरा, बोटांनी हलकेच सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. एका दमात झालं नाही तर पुन्हा करा, जोर लावू नका. आत मॅग्नेट बसवलेले असतील तर पाणी आणखी कोमट ठेवा, कारण साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर ताकद गमावतात.

पाय आणि बेस यांचा सांधा टिकत नाही. काय करू?

पिन घाला. नुसत्या गोंदावर मोठं मॉडेल उभं राहत नाही, कारण सुपरग्लू ओढ सहन करतो पण धक्का लागला की काचेसारखा फुटतो. महालातल्या चितारओळीत गणपतीच्या मूर्ती घडताना बघितल्या असतील, तर तिथला कारागीर आधी आतला आधार उभा करतो हे ठाऊक असेल. आपलंही काम तेच आहे, फक्त लहान.

मी पिनेसाठी सायकलचा स्पोक वापरतो. तो दोन मिलिमीटर जाड, पोलादाचा आणि कुठल्याही सायकल दुरुस्तीच्या टपरीवर मिळतो. घोट्याच्या मधोमध हाताच्या छोट्या ड्रिलने, म्हणजे पिन व्हाइसने, दोन मिमीचं भोक पाडायचं. घाई केली की रेझिन गरम होऊन बिट अडकतं, म्हणून दोन वळसे पुढे, एक मागे, भुकटी झटकायची. सेंटिमीटरभर खोल गेलं की स्पोकचा तुकडा आत सरकवून बघायचा. आता समोरच्या भागावर भोक नेमकं कुठे पाडायचं? बाहेर डोकावणाऱ्या टोकावर लाल रंगाचा ठिपका लावा आणि पाऊल जसं बसायला हवं तसं एकदाच टेकवा. जिथे लाल उमटला तिथे दुसरं भोक. नजरेच्या अंदाजाने पाडलं तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, आणि तो अर्धा मिलिमीटर वर खांद्यापर्यंत जाऊन अख्खं मॉडेल झुकवतो.

मग दोन्ही पृष्ठभागांवर कटरने जाळीसारखे चरे मारा आणि कोरडं जोडून बघा. समाधान झालं की पाच मिनिटांत धरणारं अराल्डाइट (इपॉक्सी) भोकात आणि चऱ्यांवर लावा. मी मॉडेल दोन्ही बाजूंनी जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांना टेकवून ठेवतो आणि पूर्ण दिवस हात लावत नाही. पाच मिनिटांत धरतं याचा अर्थ पाच मिनिटांत पक्कं होतं असा नाही. राहिलेल्या फटी एम-सीलने भरा. ओल्या बोटाने गुळगुळीत करा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा.

दोन्ही पाऊलं बेसमधून आरपार पिना घालून बसवा. बेसच्या खालून पिन बाहेर आली तर ती तिथेच वाकवून अराल्डाइटमध्ये बुडवली की झालं.

मॅग्नेट लावायचेच का? नुसतं चिकटवलं तर?

छोट्या सैनिकाला चिकटवा. मोठ्याचे हात, शस्त्रं आणि जमल्यास कंबर मॅग्नेटवर ठेवा. फौजेची यादी बदलली की शस्त्र बदलता येतं, हे लोक सांगतात ते खरंच आहे. मला त्याहून मोठा फायदा असा वाटतो की मॉडेल पडलं तर हात मोडत नाही, सुटून येतो.

नाइटच्या हाताला ५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा मॅग्नेट पुरतो. रेझिनच्या जड हाताला त्यासारखे दोन लावा आणि जवळ एक छोटी पिन ठेवा, नाहीतर हात स्वतःच्या वजनाने फिरून खाली लोंबतो. ध्रुव चुकण्यावर एकच इलाज आहे: सगळे मॅग्नेट एका लांब काडीसारखे एकमेकांना चिकटवून ठेवा, वरच्या तोंडावर मार्करने टिंब करा आणि एक एक काढून टिंब कायम बाहेरच्या बाजूला येईल असं धडात बसवा. हातांमध्ये टिंब आत. ही शिस्त पाळली तर एका नाइटचं शस्त्र दुसऱ्यालाही बसतं. घरात लहान मूल असेल तर सुटे मॅग्नेट कुलपात ठेवा. दोन मॅग्नेट गिळले गेले तर आतडी त्यांच्या मध्ये चिमटली जातात, आणि ते जिवावर बेततं.

फेविक्विकभोवती पांढरी पावडर का येते?

सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी जुळून बसते. पावसाळ्यात आणि बंद डब्यात जास्त. गोंद कमी लावा, पंखा हलका चालू ठेवा आणि जोडलेले भाग लगेच डब्यात बंद करू नका. काचेसारख्या पारदर्शक भागाला सुपरग्लू लावूच नका.

दादा, मे महिन्यात प्रायमर मारला तर चालते का?

प्रायमर म्हणजे रंग धरावा म्हणून आधी मारायचा स्प्रेचा थर. पहाटे साडेपाच-सहाला मारला तर चालतो. दुपारी मारला तर रंगाचे कण हवेतच वाळतात आणि मॉडेलवर खरखरीत भुकटी बसते. नाइटसारख्या मोठ्या सपाट चिलखतावर ती लगेच दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होतं. हवा ओली, थर दुधाळ पडतो. आपल्याकडे या कामाला दिवाळीनंतरचे तीन महिने सोन्यासारखे. मी वर्षभराची मोठी मॉडेलं जोडून ठेवतो आणि प्रायमर थंडीतच उरकतो. घाईच असेल तर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर एक फवारा मारून बघा. चमचा गुळगुळीत आला तरच मॉडेल घ्या. आणि स्प्रेचा डबा गच्चीवर विसरू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका, असं बहुतेक डब्यांवरच लिहिलेलं असतं. आपल्या गच्चीला तेवढं तापायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात ब्रशने रंगवताना रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. पसरट डबा घ्या, तळाशी ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. असा ओला पॅलेट दिवसभर चालतो. कूलरच्या झोतासमोर बसू नका. खसच्या ओल्या हवेने डोकं थंड राहतं हे कबूल, पण झोताबरोबर बारीक तुषार येतात, आणि खाऱ्या पाण्याचे ठिपके काळ्या चिलखतावर पांढरे उमटतात. बाजूला बसा, झोत पाठीवर घ्या.

मोठे सपाट भाग रंगवताना ब्रशचे फराटे दिसतात.

चिलखताची पानं सांगाड्यापासून वेगळी ठेवून रंगवा. रंग पातळ, दोन-तीन थर, मोठा चपटा ब्रश. एअरब्रश असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर स्पंजचा बारीक तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर टिपून, कडांवर हलकेच थोपटा. रंग उडालेलं जुनं यंत्र वाटतं आणि फराटेही लपतात.

टेबलावर मोठं मॉडेल नीट खेळवायचं कसं?

सध्याच्या वॉरहॅमर ४०,००० मध्ये २००० पॉइंटचं मैदान ४४ बाय ६० इंचांचं असतं. आठ बाय चारच्या प्लायमधून ते सहज निघतं. सुताराकडून ४४ बाय ३० चे दोन तुकडे करून घ्या, ऑटोत आडवे जातात.

आता गंमत ही की आपण भग्न इमारती पाच-सहा इंचांवर मांडतो, आणि नाइटचा बेस लांबीत पावणेसात इंचांना थोडा कमी आहे. पायदळ भग्न भिंतींतून आरपार जाऊ शकतं, हा राक्षस नाही. त्याला वळसा घालावा लागतो. मी स्वतः दोन खेळांमध्ये माझा नाइट तिसऱ्या फेरीपर्यंत आपल्याच कोपऱ्यात अडकलेला बघितला आहे. म्हणून मांडणीच्या वेळी रिकामा बेस हातात घेऊन मैदानावर फिरवा. जिथून तो आडवा वळून जाईल अशा दोन वाटा तरी हव्यात, आणि हे खेळ सुरू होण्याआधी समोरच्याबरोबर ठरवा.

खेळात गुण मिळतात ते मैदानातल्या ठरलेल्या जागा धरून, आणि मोठं मॉडेल एका वेळी एकाच जागी असतं. समोरच्याने पाच ठिकाणी माणसं पेरली की तुमचा सुमारे ४०० पॉइंटचा नाइट एकच ठिकाण धरतो. म्हणून त्याच्याबरोबर स्वस्त पायदळ हवंच: काही जागा धरायला, काही त्याच्या पायाशी शत्रूला रोखायला. पहिल्या फेरीत त्याला उंच भिंतीआड ठेवा. रणगाडे फोडणारी समोरची प्रत्येक तोफ त्याचीच वाट बघत असते. दुसऱ्या फेरीत, त्यांतल्या दोन-तीन गप्प झाल्यावर, त्याला मधल्या जागेकडे काढा. मोठं मॉडेल मागे उभं करून नुसत्या तोफा चालवणारे खेळाडू मला पटत नाहीत. त्याचं पाऊल मैदानाच्या मध्यात पडतं तेव्हाच समोरच्याची सगळी मांडणी हलते.

समोरच्याला न सांगता आणलं तर?

आणू नका. १००० पॉइंटच्या खेळात नव्या मुलासमोर नाइट ठेवला आणि त्याच्याकडे तो फोडायला काहीच नसलं तर त्याची रविवारची संध्याकाळ वाया जाते, आणि तो पुन्हा येत नाही. आदल्या दिवशी एक फोन करा.

ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांना काय मोठं आहे?

खूप काही, आणि आपल्या मातीतलं. २८ मिमीचं स्केल म्हणजे ढोबळमानाने १:५६. तीन मीटर खांद्याचा हत्ती या मापात साडेपाच सेंटिमीटरला थोडा कमी भरतो, वर अंबारी आणि माणसं. मराठी खेळाडूने हत्तीकडे सेनापतीची जागा म्हणून बघावं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला, असं सांगितलं जातं. म्हणून मी अंबारी मॅग्नेटवर ठेवतो. खेळात सेनापती खाली उतरला की माणूस उचलायचा, रिकामी अंबारी तिथेच दिसत राहू द्यायची. मग जवळच्या तुकड्यांच्या धीराचे फासे.

मराठ्यांच्या जड तोफा बैलांच्या लांब माळेने ओढल्या जात. दहा जोड्या जुंपल्या तर या स्केलमध्ये ती रांग दीड फुटाच्या आसपास जाते. एका लांब बेसवर ती बसवू नका, कुठेच वळणार नाही. प्रत्येक जोडीला वेगळा बेस द्या आणि बेसच्या टोकांना छोटे मॅग्नेट लावा, म्हणजे रांग रस्त्याप्रमाणे वाकते.

आणि सीताबर्डीची लढाई आपण नाही खेळायची तर कुणी? २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. इथे सगळ्यात मोठं मॉडेल म्हणजे दोन टेकड्या. लहान टेकडी भोसल्यांच्या फौजेच्या हाती लागली, तिथल्या तोफा मोठ्या टेकडीकडे वळल्या, आणि मग दारूगोळ्याची गाडी उडाली तेव्हा इंग्रजांनी ती लहान टेकडी परत घेतली. हे सगळं खेळात उतरवायचं तर टेकडी पायऱ्यापायऱ्यांची करा, म्हणजे बेस घसरत नाहीत. थर्माकोलवर आधी फेव्हिकॉल आणि वाळूचा थर द्या, मग स्प्रे. उघड्या थर्माकोलला स्प्रे आणि सुपरग्लू दोन्ही खातात.

स्कूटीवरून कसं न्यायचं?

बेसखाली चार कोपऱ्यांत मॅग्नेट, झाकणाच्या उंच प्लास्टिक डब्याच्या तळाला जीआय पत्रा. मॉडेल पत्र्यावर उभं राहतं, स्पंजात कोंबून टोकं मोडत नाहीत. हात आणि शस्त्रं काढून वेगळ्या छोट्या डब्यात. उन्हाळ्यात हा डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि सकाळी दहाच्या आत पोचा. डिकीत ठेवू नका. खाली इंजिन, वर ऊन. पायापाशी ठेवा.

घरातली मुलं हात लावायला मागतात.

द्या, पण कसं धरायचं ते शिकवून. तान्ह्या पोळ्याला नागपुरातली पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, काही बैल तर पोरांहून उंच आणि चाकांवर दोरीने ओढायचे. मोठ्या मॉडेलचा सांभाळ कसा करायचा हे त्यांच्या अंगात असतं. माझी भाची पहिल्यांदा नाइट उचलायला आली तेव्हा तिने न सांगता एक हात बेसखाली घातला. "बैल असाच उचलतात ना मामा," म्हणाली. मी तिला फक्त तोफेला धरू नको एवढंच सांगितलं.

पडलं आणि मोडलं तर?

सगळ्यात आधी जमिनीवरचे तुकडे वेचा, पंखा बंद करून. झाडू मारायच्या आधी मोबाइलच्या दिव्याने फरशीच्या समांतर उजेड टाका, बारीक तुकड्यांची सावली पडते. मिळालेलं सगळं झाकणाच्या डबीत घाला, डबीवर मॉडेलचं नाव लिहा आणि त्या दिवशी काही चिकटवू नका. दुसऱ्या दिवशी तुटलेल्या कडा स्वच्छ करा, जुना गोंद खरवडून काढा, आणि सांधा जिथे तुटला तिथेच स्पोकची नवी पिन टाका.